कोणाची, आणि कुठल्या डिपार्टमेंटची

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा पहिल्या महिन्याभरात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "कोणाची वं तू?" भाजीवाली विचारायची, पिठाच्या गिरणीवर विचारायचे, मंदिरात तर नक्कीच. वडिलांचं नाव सांगितलं की "कुठले ते?" आणि मी भुसावळ म्हटलं की "भुसावळ नाही वं, गाव कोणतं, मूळ गाव?" मग यावलकडच्या आमच्या खेड्याचं नाव निघालं की समोरच्या बाईचा चेहरा मोकळा व्हायचा आणि पाच मिनिटांत ती माझ्या चुलत आत्याच्या नणंदेपर्यंत पोचलेली असायची.

भुसावळला मी बावीस वर्षं काढली, सगळी रेल्वे क्वार्टरमध्ये. तिथे मला कोणी कधी विचारलं नाही की तू कोणाची. तिथला प्रश्न होता, "पप्पा कौनसे डिपार्टमेंट में?" लोको, ट्रॅफिक, सिग्नल, इंजिनिअरिंग, शेड, काय असेल ते. मी सांगायची गार्ड. (आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण आमच्या अप्पांच्या तोंडी अजून गार्डच आहे.) गार्ड म्हटलं की समोरच्याला लगेच कळायचं की या घरात माणूस दिवसा झोपतो, सणावाराला असेलच असं नाही, आणि डबा कधीही लागतो.

दोन गावांमध्ये अंतर किती, तर जेमतेम २५ किलोमीटर. मेमूने निघालं तर मध्ये एक भादली लागतं, की आलंच जळगाव. तेच ऊन, तीच काळी माती, हिवाळ्यात तेच भरीत आणि कळण्याची पुरी. आणि तरी मला पहिली दोन वर्षं असं वाटत होतं की मी परगावी नाही, परप्रांतात आलेय. याचं कारण शोधायला मला बराच वेळ लागला, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांबद्दल जे बोलतात ते ऐकून मला दोन्हीकडे त्रास होतो.

जळगाववाले म्हणतात भुसावळ म्हणजे भांडणं, मारामाऱ्या, रात्री बाहेर पडायची सोय नाही. भुसावळवाले म्हणतात जळगाववाले म्हणजे पैसा पैसा, आधी आडनाव विचारतील मग पाणी. दोन्हींत थोडं खरं आहे, पण तेवढंच नाही.

आधी भुसावळ. १८६० च्या दशकात रेल्वे आली त्याच्या आधी ते एक खेडं होतं. मुंबईहून येणारी लाईन इथे फुटते, एक खंडव्यावरून इटारसीकडे आणि एक अकोल्यावरून नागपूरकडे, त्यामुळे इंजिनं बदलायची, माणसं बदलायची, गाड्या तपासायच्या हे सगळं इथे आलं. शेड आलं, यार्ड आलं, डिव्हिजनचं ऑफिस आलं, आणि त्या सगळ्यासाठी माणसं आली, ती कुठून कुठून आली. आमच्या लाईनीत डावीकडे आंध्राचे अंकल, उजवीकडे बिहारचं कुटुंब, समोर बोदवडकडचे बौद्ध समाजाचे एक काका जे शेडला फिटर होते, कोपऱ्यावर एक ख्रिश्चन आंटी, त्यांच्या घरून नाताळला केक यायचा, आणि आम्ही लेवा पाटील. ही माणसं कोणी निवडून एकमेकांच्या शेजारी राहायला आलेली नव्हती. क्वार्टर मिळतं ते ग्रेडवर आणि सिनियॉरिटीवर, यादीत नंबर आला की जे रिकामं असेल ते घ्यायचं, शेजारी कोण आहे हे बघायची सोयच नाही. मला वाटतं भुसावळच्या स्वभावाची किल्ली या यादीत आहे. आमच्या खेड्यात बौद्धवाडा वेगळा, विहिरीची बाजू वेगळी, हे मी गावी जायची तेव्हा डोळ्यांनी बघितलंय, आणि त्याच खेड्यातून आलेली माझी आई समोरच्या काकूंच्या चुलीपाशी बसून भाकरी खायची, कारण काकूंची भाकरी तिच्यापेक्षा चांगली व्हायची. आईने त्यासाठी काही वाचलं नव्हतं, कोणी तिला भाषण दिलं नव्हतं. अप्पा तीन दिवस लाईनवर आणि पोराला मध्यरात्री ताप, अशा वेळी जो दार उघडतो तो आपला, एवढंच तिला कळलं होतं.

आणि भाषा. आई घरात लेवा बोलीत बोलायची, मले, तुले, कुठी चालली, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी. मेरेको, तेरेको, अभी आती मैं, अशी ती भुसावळची हिंदी. आंध्राच्या आंटींना मराठी नीट यायचं नाही पण लेवा बोलीतले शब्द यायचे, कारण त्या आईकडून शिकल्या होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई कॉलनीतल्या लिंबाला झोका बांधायची, सांजोऱ्या करायची आणि सगळ्या लाईनीतल्या बायका झोक्यावर बसायच्या, गाणी फक्त आईला यायची, बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. आईचं माहेर तिथून तासाभरावर, पण अप्पांची ड्युटी बघून जायचं तर जमायचंच असं नाही, मग माहेर तिथेच मांडायचं. छटपूजेला बिहारच्या आंटी आम्हा पोरांना तापीवर घेऊन जायच्या, पहाटे गार वाळूत उभं राहून सूर्य उगवायची वाट बघायची, ठेकुआ खायचा. चौदा एप्रिलला काकांच्या घरी खीर. मला मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं की हे सगळीकडे असं नसतं.

रात्रीचं पण सांगते. भुसावळ झोपत नाही. अप्पा नोकरीत लागले त्या काळात कॉल बॉय सायकलवर यायचा, रात्री दोन वाजता दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा, की अमुक गाडीला जायचं आहे. आई उठून डबा करायची. त्याच वेळी दुसऱ्या घरी कोणीतरी ड्युटी संपवून येत असायचं. स्टेशनवर रात्री तीनला चहा, इडली-वडा, सगळं चालू. दुपारी मात्र आमच्या लाईनीत पोरांना आरडाओरडा करायची बंदी, कारण प्रत्येक तिसऱ्या घरात एक माणूस रात्रपाळी करून झोपलेला. कुणाचे पप्पा झोपलेत हे सगळ्या पोरांना पाठ असायचं.

आता दुसरी बाजू, ती पण सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी माहेरचं कौतुक करतेय असं होईल. त्या कॉलनीत जातीची उतरंड कमी होती पण ग्रेडची होती. पंधरा बंगल्याकडे साहेब लोक, त्यांची पोरं आमच्यात खेळायला यायची नाहीत, आणि टाईप वनमधल्या, म्हणजे सगळ्यात लहान क्वार्टरमधल्या, पोरांना आमच्यातल्या काही आया घरात घ्यायच्या नाहीत. आणि बदली. पाचवीत असताना माझी जिवाची मैत्रीण सोलापूरला गेली, सातवीत दुसरी नागपूरला, दहावीच्या आधी तिसरी. पत्र लिहू म्हणायचो, दोन-चार लिहायचो. माणूस लवकर जवळ करायचा आणि लवकर सोडायचा ही सवय लागते, ती चांगली का वाईट मला अजून ठरवता आलं नाही. आणि रिटायर झाल्यावर लोकांनी जामनेर रोडला, यावल रोडला, खडका रोडला प्लॉट घेतले तेव्हा मात्र बरेचसे पुन्हा आपापल्या समाजाच्या वस्तीत गेले. तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं, स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा वेगळी झाली. मला याचं फार वाईट वाटतं, अजूनही.

जळगाव बघा. गंमत अशी की जळगाव पण रेल्वेनेच वाढवलं. तीच लाईन, तेच दशक, तिकडे अमेरिकेत यादवी चालू होती म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि जळगाव कापसाची पेठ झालं. सुरतेची लाईन पण पुढे इथेच येऊन मिळाली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, धुळे तिकडे राहिलं आणि पूर्व खानदेशाचं मुख्य ठिकाण जळगाव झालं, मग कोर्ट, कलेक्टर, वकील, डॉक्टर सगळे आले. म्हणजे एकाच रेल्वेने एका गावाला शेड दिलं आणि दुसऱ्याला बाजार दिला, आणि शेडभोवती जी माणसं जमतात आणि बाजाराभोवती जी जमतात त्यांचं वागणं वेगळं होतं.

कोणी म्हणेल जळगावात सगळे इथलेच, म्हणून तसं. नाही. मारवाडी कुठून आले, गुजराती कुठून आले, फाळणीनंतर सिंधी आले, त्यांची आख्खी कॉलनी आहे. दाणा बाजारात, सराफात, फुले मार्केटात फिरून बघा, निम्मी दुकानं बाहेरून आलेल्यांच्या वंशजांची. आता एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांत, डाळ मिलमध्ये, पाईपच्या कंपन्यांत यूपी-बिहारची पोरं आहेत, मेहरूण तलावावर पण छटपूजा होते. बाहेरचे दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो येण्यात. भुसावळला माणूस ऑर्डर हातात घेऊन एकटा आला, पगार महिन्याच्या महिन्याला, शेजारी ठरवणारा दुसराच. जळगावला माणूस आपल्या भाऊबंदाच्या आधाराने आला, काका आधी आला, मग त्याने पुतण्याला आणलं, उधारीवर माल दिला, दुकानात बसवलं. उधारी कोणाला देतात, ज्याचं घराणं माहीत आहे त्याला. म्हणून तो प्रश्न, कोणाची वं तू.

हे मला कळलं तेव्हा त्या प्रश्नाचा राग गेला. आमचं सासर जुन्या जळगावात, चौधरी वाड्याच्या जवळ, जिथे बहिणाबाई राहिल्या. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरातला कुकर वाजला तर आमच्याकडे शिट्ट्या मोजतात. सासऱ्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा मी बघितलं, अर्ध्या तासात दवाखान्यात चाळीस माणसं. कोणी रक्त द्यायला, कोणी डॉक्टरांच्या ओळखीचा, कोणी नुसताच उभा. डबे तर इतके आले की सासूबाईंना, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, सांगावं लागलं की आता नका आणू. सराफातले एक मारवाडी काका, सासऱ्यांचे जुने व्यवहाराचे, पिशवीत पैसे घेऊन आले आणि मोजून न घेता नवऱ्याच्या हातात देऊन गेले, ना चिठ्ठी ना सही. एवढा विश्वास काही एका दिवसात येत नाही, त्याला तीन पिढ्या एका गल्लीत राहावं लागतं. भुसावळला हे नव्हतं. तिथे आमच्यावर वेळ आली तेव्हा शेजारी जिवाला जीव देणारे होते, पण पाच घरं. इथे पाचशे.

आणि कार्तिकी एकादशीचा रामाचा रथ. पहिल्या वर्षी मी गच्चीतून बघितला, एवढा मोठा लाकडी रथ त्या गल्ल्यांतून जातो कसा तर चाकाखाली मोगऱ्या, म्हणजे लाकडी ठोकळे, लावत लावत, मोगरी लावणाऱ्यांचं कसब बघत राहावं. तो भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, फुलांची चादर चढवतात, मग पुढे. जळगाववाले पैशाच्या पलीकडे बघत नाहीत म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी यावं एकदा.

पण याच जळगावने माझ्या मैत्रिणीला खोली दिली नाही. कॉलनीतली, आंध्राच्या अंकलची मुलगी. तिला इथे एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली, मी तिच्यासाठी चांगल्या वस्तीत खोली बघत फिरले. पहिल्या घरी आडनाव विचारलं, तिने सांगितलं, त्यावरून त्यांना काही कळेना, मग म्हणाले म्हणजे तुम्ही कोण? दुसऱ्या घरी तर सरळ त्यांच्या कॉलनीत कोणत्या समाजाची मंडळी आहेत ते सांगून टाकलं. तिसऱ्या घरी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तू आपली आहेस म्हणून सांगते, तुझ्या नावाने घे पण राहायला तिला नको ठेवू. मी बाहेर आले आणि तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना. ती शेवटी दोन वर्षं भुसावळहून अप-डाऊन करत राहिली, पास काढून. हे मी विसरणार नाही. ज्या ओळखीच्या जोरावर दवाखान्यात चाळीस माणसं जमली त्याच ओळखीने तिला बाहेर ठेवलं, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं हे समजायला मला फार जड गेलं.

भुसावळच्या आसपास अजून अशी पगाराची गावं आहेत, दीपनगरला वीज केंद्राची कॉलनी, वरणगावला दारूगोळ्याची फॅक्टरी, त्यांची जात भुसावळचीच. याच्या अगदी उलट फैजपूर आणि सावदा, यावल-रावेरकडे. पाच-सहा किलोमीटरवर दोन गावं आणि दोन्ही केळीवर उभी, सकाळी माणसं भेटली की आधी केळीचा भाव, मग रामराम. तरी फैजपूरचा माणूस बोलता बोलता १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनावर येतोच, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, आणि सावद्याचा माणूस केळीच्या रेल्वे वॅगनवर येतो, दिल्लीला आमचीच केळी जायची म्हणून. तिकडे सगळ्यांचे सातबारे सगळ्यांना माहीत असतात. आमचं मूळ खेडं त्याच पट्ट्यात. अप्पा धाकटे, वाट्याला येणारी जमीन दीड एकर, म्हणून ते रेल्वेत गेले. दीड एकराच्या जागी दहा एकर असते तर मी पण केळीच्या बागेतच वाढले असते आणि समोरच्या काकूंची भाकरी मला कधी मिळाली नसती, हा विचार मनात येतो अधूनमधून.

२०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजार आणि भुसावळ १ लाख ८७ हजार, म्हणजे निम्म्याहून कमी. जळगावला २००३ पासून महापालिका, सतरा मजली इमारत, विद्यापीठ, आकाशवाणी, मोठे दवाखाने. भुसावळला नगरपालिका आणि नळाला रोज पाणी कधी यायचं ते आईला पण आठवत नाही. तरुण पोरं तिथून पुण्याला जातात, कारण रेल्वेत पहिल्यासारखी भरती नाही, आणि रेल्वे सोडून दुसरं काही उभंच राहिलं नाही. हे दुखतं मला. माझ्या वर्गातल्या चाळीस जणांपैकी आता भुसावळात सहा-सातच असतील. स्टेशनच्या उत्तरेच्या बाजूच्या हद्दीवाली चाळ, आगवाली चाळ या वस्त्या काही वर्षांपूर्वी पाडल्या, रेल्वेची जागा होती हे खरं, पण तिथे तीन-तीन पिढ्या राहिलेली माणसं होती, त्यांचे आजोबा कोळसा टाकणारे, हमाल, ज्यांच्या जिवावर ते जंक्शन उभं राहिलं. आई दोन दिवस जेवली नव्हती नीट.

दोन्ही गावं आता एकमेकांकडे सरकतायत. हायवे चौपदरी झाला, नशिराबादपर्यंत प्लॉटिंग आलंय, इकडून साकेगावकडे भुसावळ येतंय. नव्या सोसायट्यांत रेल्वेवाले पण आहेत, सराफाचे पण, प्राध्यापक पण. तिथे कोणता प्रश्न विचारतात ते मी मुद्दाम ऐकत असते. सध्या तरी "ईएमआय किती पडतो" हा विचारतात.

आम्ही पण बघतोय तिकडे जागा. माझी शाळा भुसावळला, मी रोज उलटी अप-डाऊन करते, नवऱ्याचं दुकान जळगावात, आई-अप्पा आता थकलेत आणि त्यांना एकटं ठेवणं जिवावर येतं. वाघूर नदीच्या अलीकडे एक प्लॉट बघितला मागच्या रविवारी. जिजींना पसंत पडला, गल्लीतली अजून दोन घरं तिकडेच घेतायत म्हणून. अप्पांना पण नेलं होतं. ते सगळीकडे फिरले, विहिरीत डोकावले, लिंबाच्या झाडाखाली जरा उभे राहिले. एजंट सांगत होता, एकदम शांत जागा आहे काका, रेल्वे लाईन लांब, गाडीचा आवाज अजिबात येत नाही.

घरी आल्यावर चहा घेताना अप्पा म्हणाले, "जागा चांगली आहे. पण रात्रीची एकदा जाऊन बघू. वारा इकडून सुटला तर आवाज येत असेल."

शनिवारी रात्री जाणार आहोत.